शेवट गावावर सोडायचा

आमच्या दशावतारात संवाद कोणी लिहून देत नाही. संध्याकाळी देवळात पोचलो की कंपनीचा मालक सांगतो, आज हे आख्यान, तू राजा, तू राक्षस, तू राणी. पुढचं ज्याने त्याने आपल्या तोंडाने उभं करायचं. मी राणी. कुडाळजवळच्या आमच्या गावात माझी सुपारीची बाग आहे, दिवसा मी चारचौघांसारखा शेतकरी. पण जत्रांचे दिवस आले की नाकात नथ आणि अंगावर नऊवारी. स्त्रीपार्टी म्हणतात आमच्याकडे.

गेल्या वर्षी एका जत्रेत, उजाडता उजाडता खेळ संपवून मी नथ काढत होतो, तेवढ्यात रंगपटाचा पडदा बाजूला झाला आणि एका बाईने डोकं आत घातलं. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आवाज असा की शेजारी झोपलेला राक्षस दचकून उठला.

"पावणं, तुमी मगाशी राजाला जे बोललासा, त्ये कुणी लिवून दिल्तं?"

"कोणी नाही. आयत्या वेळी सुचलं ते."

"खरं?"

"देवाशपथ."

"मग आमचंबी तसंच हाय की!" म्हणत ती थेट आत येऊन पेटाऱ्यावर बसली.

ती शालनअक्का. पेठ वडगावची. पुतणीच्या सासरी पाहुणी म्हणून आलेली. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर तिने सात-आठ बायका जमवून जलसा सुरू केला होता. गावोगाव जायचं, डफ वाजवायचा, आणि हुंडा, दारू, पोरींची लवकर लग्नं असल्या विषयांवर खेळ करायचा. कागद नाही, पाठांतर नाही. "या एकदा," ती म्हणाली. "चार दिस ऱ्हावा. आमच्या बायकांस्नी बाई कशी करायची त्ये शिकवा."

बायकांना बाई व्हायला शिकवायचं! या एका वाक्यासाठी मी जानेवारीत, दोन जत्रांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत, फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो.

पेठ वडगाव

वडगावच्या स्टँडवर मला न्यायला शालनअक्काचे यजमान आले होते. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. लांबूनच त्यांनी हाक मारली, "ओ पावणं! हिकडं! तिकडं कुठं बगतासा?" स्टँडवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. माझं काहीतरी चुकलं असावं, असं वाटून मी जवळ गेलो, तर त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि त्याच पट्टीत विचारलं, "च्या घेतलासा का न्हाय?" दोन दिवसांनी कळलं, इथे प्रेमाचा आणि भांडणाचा आवाज एकच असतो. आमच्या कोकणात उलट. आम्ही मऊ आवाजात बोलतो, आणि त्यातली खोच घरी पोचल्यावर टोचते.

घर लिंगायतांचं. नवरा-बायको एकमेकांशी कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत, आणि हिशेबाचा विषय निघाला की पुन्हा कानडीत. मासळी अर्थात नाही. जेवायला बसताना मला जरा धाकधूक होती, पण ताटात जोंधळ्याची गरम भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि वर तुपाची वाटी. मी बांगड्याला विसरलो, हे घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ताटाच्या कडेला हिरवंगार काहीतरी होतं. पालेभाजी समजून मी त्याचा मोठा घास घेतला. तो खर्डा होता. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, एवढंच. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि अण्णा ओरडताहेत, "दही खावा! पानी पिऊ नगासा, दही खावा!" शालनअक्का पदर तोंडात धरून हसत होती. म्हणाली, "आता बगा, खरं रडनं कसं असतंय त्ये कळलं तुमास्नी. हेच ठेवा नाटकात."

दुपारी तिने मला माडीवर आपल्या वडिलांकडे नेलं. आप्पा नव्वदीच्या घरातले. शालन एकुलती एक, म्हणून ते लेकीकडेच राहतात. कान कमी, पण विषय जलशाचा म्हटल्यावर उशीला टेकून ताठ बसले. त्यांचे वडील संस्थानाच्या काळात जलसा करायचे आणि आप्पा लहानपणी तुणतुणं घेऊन मागे उभे असायचे.

"तमाशातलाच साज," आप्पा सांगत होते. "डफ, तुणतुणं, झांजा. आदी गण, मग बतावणी. दोघं उभी ऱ्हायची आन् एकमेकाची फिरकी घ्यायची. लोक हसायला लागलं की मग मुद्द्याचं. पोरं शाळंत का घालत न्हाईसा? लगनाला कर्ज कशाला काढतासा? भटाबिगर लगीन लागतंय का न्हाय, बगूया चला!"

"लिहिलेलं काहीच नसायचं?" मी त्यांच्या कानाशी विचारलं.

"लिवायला येत कुनाला हुतं? आन् लिवून करायचं काय? परत्येक गावचं दुखनं येगळं. आमचा बा सकाळी गावात शिरला की पैल्यांदा पानवठ्यावर जायाचा, मग न्हाव्याकडं, मग तालमीत. बसायचा, ऐकायचा. ह्या गावात विहिरीवर कुनाला पानी भरू देत न्हाईत, त्या गावात कोन पोरीला शाळंतनं काडलंय. सांजच्याला त्येच उभं करायचा. नावं बदलून. लोकांस्नी कळायचं की."

"मग शेवट? तो तरी आधी ठरलेला असेल."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून तुणतुणं धरायलाच शिकतोय. "शेवट आमी गावावर सोडायचो," ते म्हणाले. "पाटलानं विहीर खुली करायची का न्हाय, ह्ये बा कसं ठरवनार? त्यो डफ थांबवून इचारायचा, सांगा आता, फुडं काय? कवा कवा गाव बोलायचं. कवा कवा दगूड यायचं." आणि डाव्या भुवईवरची खूण त्यांनी बोटाने दाखवली. "ह्यो एक मलाबी लागलाय."

त्या दुपारी मी माडीवरच आडवा पडलो, पण झोप लागली नाही. आमच्याकडे बोलणं आयत्या वेळचं असतं, शेवट मात्र पुराणाने केव्हाच ठरवून ठेवलेला. राक्षस मरणार, राजाला राज्य मिळणार, सकाळी लोक प्रसाद घेऊन घरी जाणार. इतकी वर्षं मी स्वतःला मोठा आयत्या वेळचा नट समजत होतो. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना मी एकदाही रंगमंचावरच्या बाकड्यावरून बोलायला उठलो नव्हतो.

वारणेच्या बाजूला

शनिवारी तालीम. वारणानगरच्या बाजूला कामगारांच्या वसाहतीत, एका घराच्या पुढच्या अंगणात. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर एकसारखे जात होते, दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून, आणि प्रत्येकाच्या गाण्याचा आवाज दुसऱ्याच्या वर. जमलेल्या बायकांत कोणी दूध पॅकिंगला जाणारी, कोणी शिवणकाम करणारी. सगळ्यांत तरतरीत होती सुमन. तिशीतली, उंच, डफ हातात आला की खांद्यापासून हलणारी.

रविवारच्या खेळाचा विषय होता हक्कसोड. आमच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बाप वारला की जमिनीला मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग काही दिवसांनी भाऊ बहिणीकडे येतो, साडी आणतो, पेढे आणतो, आणि हक्कसोडपत्रावर सही करून दे म्हणतो. बहीण करून देते. का, तर माहेर तुटायला नको. आमच्या कोकणात हा विषय वेगळ्या वाटेने जातो. तिथे एका आंब्याच्या झाडाला पणज्यापासूनची सगळी नावं, निम्मे मुंबईला, कोण जिवंत कोण मेला पत्ता नाही. सही मागायची तरी कुणाकडे? इथे जमीन पाण्याखालची, उसाची, आणि नावं मोजकी. त्यामुळे प्रत्येक नाव डोळ्यांत खुपतं.

आईची भूमिका करणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. शालनअक्काने माझ्याकडे बोट केलं. "ह्ये करतील. राणी करतात त्ये, आई काय जड हाय?"

मी उठलो, पदर घेतला, माझ्या नेहमीच्या ढंगात मान कलती करून म्हणालो, "थांब बाळ, मी आत्ता येते."

आणि सगळ्या बायका खो खो हसायला लागल्या. सुमनने तर डफ खाली ठेवला.

"अवो पावणं, येते-जाते कोन बोलतंय आमच्यात? येतो म्हना, येतो!"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण खरंच, या भागात बायका 'मी येतो', 'मी जातो', 'मी गेलतो' असंच म्हणतात. मी पुरुष, तीस वर्षं 'येते-जाते' घोटून बाई झालो, आणि इथे माझ्यासमोर बसलेल्या अस्सल बाया 'मी सैपाक करून आलो' म्हणत होत्या. त्या दिवशी मी काही शिकवलं नाही. मलाच बाईसारखं 'येतो' म्हणायला त्यांनी शिकवलं. संध्याकाळी निघताना सुमन म्हणाली, "आवाज लई बारीक काडतासा. आई हाईसा, मोरनी न्हाय."

रविवार

खेळ वसाहतीतल्या देवळाच्या सभामंडपात, उन्हं कलल्यावर. सतरंज्या अंथरलेल्या, मागे पुरुषांसाठी खुर्च्या, कठड्यावर पोरं. गण झाला. मग सुमन आणि दुसरी एक बाई बतावणीला उभ्या राहिल्या. सुमनने समोरच्या एका आजोबांना विचारलं, "काका, तुमच्या म्हशीचं नाव काय?" "गंगी." "आन् सातबाऱ्यावर बहिणीचं?" आजोबांनी टोपी सारखी केली. "म्हशीला नाव हाय, बहिणीला न्हाय!" मंडप हसला, आजोबाही हसले. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. समोरच्याच्या तोंडून आलेलं वाक्य उचलून त्यालाच परत देणं हा आमचाही धंदा.

मग वग सुरू झाला. एका बाईने ओठावर काजळाची मिशी काढली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि ती भाऊ झाली. साडीचा खोका आणि पेढे घेऊन आली. बहीण झालेली सुमन हरखून पुढे गेली आणि खोक्याखाली घडी घातलेला कागद बघून थबकली. मी बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसलो होतो. भावाने हाक मारली, "आई, तूच सांग हिला."

मी उठलो. काय सांगू? मंडपात उतरलो की तो मला आपोआप ओढून नेतो. मी हळूहळू चालत सुमनजवळ गेलो, तिचा हात हातात घेतला. आवाज बारीक केला नाही.

"लेकी, मला काय दोन डोळं न्हाईत का? एक तू, एक त्यो. मी मेल्यावर तुला चोळी कोन घालंल? तुझ्या पोरीच्या लगनात मामा म्हनून कोन हुबा ऱ्हाईल? दोन गुंठ्यांसाठी भावाचं दार लावून घेतीस? त्या दारातनं तू नवरी हून गेलीस गं..."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला ते दिसलं आणि मी आणखी चढलो. बाप कसा शेवटपर्यंत तिचं नाव घेत होता ते सांगितलं. तिच्या लहानपणीचा झोपाळा काढला. सुमनने एकदा बोलायचा प्रयत्न केला, मी तिचं वाक्य तिथेच उचललं आणि त्याचा हुंदका करून टाकला. मागच्या खुर्च्यांवरून आवाज आला, "म्हातारीचं बरोबर हाय!" सुमन माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या रंगभूमीवर हा जिंकण्याचा क्षण. समोरचा निरुत्तर झाला की टाळी आपली. मी सवयीने प्रेक्षकांकडे वळलो आणि वळताना माझी नजर शालनअक्कावर गेली. ती डफ मांडीवर घेऊन बसली होती. रागावलेली नव्हती, पण टाळीही देत नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सुमनला हरवलं होतं. ज्या बाईची बाजू लोकांपुढे ठेवायला हे सगळे आले होते, तिलाच मी माझ्या कसबाने गप्प केलं होतं.

शालनअक्काने डफावर थाप मारली. "थांबा! लेकीला बोलायला येईना झालंय. आता तुमीच सांगा, तिनं काय म्हनायचं?"

मागून एक जण ओरडला, "सही कर म्हनावं!" थोडं हसू झालं आणि विरलं. मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. चाळिशीची, साडीवर स्वेटर घातलेला, बहुतेक कामावरून थेट आलेली.

"मी सांगतो," ती म्हणाली.

ती पुढे आली, सुमनच्या जागी उभी राहिली. तिचा हात धरायला मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "आई, तूबी तुझ्या भावाला सही दिल्तीस न्हवं?"

"दिली की," मी म्हणालो. "आनंदानं दिली."

"मग मामा किती येळा आला?"

मला उत्तरं सुचली नाहीत असं नाही. तीन सुचली. दर दिवाळीला येतो म्हणता आलं असतं. कामात असतो, पण मन इथेच असतं म्हणता आलं असतं. तिचंच वाक्य फिरवून तिला परत देता आलं असतं. पण समोरची बाई खेळत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी त्या म्हातारीच्या जागी उभा होतो, तर म्हातारीला खोटं बोलता येईना. दोन दिवस घोटलेली इकडची बोलीही कुठे गेली कोण जाणे.

"एकदाय येवक नाय गो," मी म्हणालो. एकदाही नाही आला गं.

मालवणी शब्द. पण ते कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत.

ती बाई म्हणाली, "सही दिली तरी येत न्हाईत, न दिली तरी येनार न्हाईत. मग माझं नाव तरी ऱ्हाऊ दे की, आई."

मी खाली ठेवलेला साडीचा खोका उचलला, कागद त्यावर ठेवला, आणि काजळाच्या मिशीवाल्या भावाच्या हातात परत दिला. एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या. त्याच वेळी मागच्या खुर्च्यांमधला एक माणूस उठला, खुर्ची आडवी झाली, तो तरातरा बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

समोरच्या बाईचा चेहरा उतरला. "झालं आता," ती हळूच म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

तिचं नाव भारती. उठून गेला तो तिचा सख्खा भाऊ रावसाहेब. येत्या गुरुवारी त्यांची हक्कसोडीची सही ठरलेली होती. तो पाहुण्यांना भेटायला वसाहतीत आलेला आणि खेळ बघायला सहज मागे बसलेला, हे तिला बोलताना ठाऊकच नव्हतं.

परतताना रिक्षात शालनअक्का डफ पुसत बसली होती. वडगावचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाली, "मला कवा कवा भ्या वाटतं बगा. खेळ आमचा, घर त्यांचं. उद्या त्येनं तिच्याशी बोलनं टाकलं तर? आमी डफ उचलून दुसऱ्या गावाला जानार. तिला हितंच ऱ्हायाचं."

"मग बंद करायचं का?" मी विचारलं.

"बंद कशाला करू? तिची ती उठून बोलली. आमी तोंडात घातलंय व्हय?" मग म्हणाली, "पर भ्या वाटतं. खोटं कशाला बोलू?"

बाजार

सोमवारी सकाळी अण्णांबरोबर गूळ घ्यायला बाजारात गेलो. ढेपेचा कोपरा फोडून चव बघत होतो, तर मागून आवाज आला, "काल आई झालतासा त्ये तुमीच न्हवं?"

रावसाहेब. पंचेचाळिशीचा, रुंद बांध्याचा, डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. अण्णांनी गुळाची ढेप खाली ठेवली आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. कापडाच्या दुकानातला हा मऊ माणूस मारामारीला उभा राहील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"भांडायला न्हाय आलो, अण्णा," रावसाहेब म्हणाला. "पावण्यांस्नी च्या पाजतो फकस्त."

शेजारच्या हॉटेलात बसलो. त्याने दोन चहा सांगितले आणि आपल्या चहाला हातच लावला नाही. अण्णा बाहेर उभे राहून काचेतून आमच्यावर लक्ष ठेवून होते.

"भारतीनं तुमास्नी सांगितल्तं व्हय?" त्याने विचारलं. "आमच्या मामाचं?"

"तुमच्या बहिणीला मी काल पहिल्यांदा पाहिलं. मंडपातच."

"मग तुमास्नी कसं कळलं, मामा आला न्हाय त्ये?"

"मला नाही कळलं. तिने विचारलं आणि तोंडून आलं."

त्याने टेबलावरचा ओला डाग बोटाने पुसला. "आदी जे बोललासा न्हवं, चोळी कोन घालंल, त्ये आमची आई तस्संच बोलायची. मला वाटलं, भारती आता गप बसती. मागनं जे बोललासा त्ये मातुर आई कवाच बोलली न्हाय. मामा आमचाबी येत न्हवता. पंचमी आली की ती सारखी दारात जायाची. आमी इचारलं की म्हनायची, कामात आसंल त्यो. मरूस्तवर म्हनत हुती." त्याने मान वर केली. "खरं सांगा पावणं. आई आसती तर काल काय म्हटली आसती?"

रंगमंचावर नसताना मला कधी कोणी आई म्हणून प्रश्न विचारला नव्हता. आणि हा माणूस अगदी मनापासून विचारत होता. मी म्हणालो, "मला नाही माहीत. मी नट आहे. तुमच्या आईला तुम्ही ओळखता. पण मला एवढंच वाटतं, तिला आयुष्यात कोणीतरी तो प्रश्न विचारायला हवा होता."

त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. खिशातून फोन काढला, नंबर लावला. "भारते, घरात हायस काय?... न्हाय, कागद न्हाय. येतोय." फोन ठेवला, उठला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"काय घेऊन जाऊ?" त्याने विचारलं. समोर अण्णांच्याच दुकानात साड्या टांगलेल्या होत्या. "रिकाम्या हातानं कसं जायाचं बहिणीकडं?"

"रिकाम्या हातानेच जा," मी म्हणालो. "साडी दिसली की तिला कागद दिसेल."

तो थोडा हसला. मोटारसायकलला किक मारून बाजाराच्या गर्दीतून वाट काढत निघून गेला. अण्णा आत आले आणि माझ्या पाठीवर इतकी जोरात थाप मारली की चहा सांडला. "माझं एक गिऱ्हाईक घालवलासा की ओ!" ते ओरडले. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

मंगळवारी मी निघालो. शालनअक्काने चटणी, गूळ आणि आप्पांनी दिलेली एक जुनी झांज पिशवीत घातली. भारतीच्या घरी काय झालं ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ती कामावर जात होती, एवढंच सुमनला कळलं होतं.

फोन आला तो आठवडाभराने, आमची जत्रा चालू असताना, मी तोंडाला रंग लावत होतो तेव्हा. शालनअक्काचा आवाज. गुरुवारी कचेरीत कोणीच गेलं नव्हतं. भारतीचं नाव सातबाऱ्यावर राहिलं. ऊस भाऊ करणार, निम्मा हिस्सा तिचा. वहिनीने अजून बोलणं टाकलेलं आहे, आणि ते कधी सुरू होईल सांगता येत नाही. "सगळंच गोड झालं न्हाय," शालनअक्का म्हणाली. "ही घ्या, भारतीशी बोला. हितंच हाय."

फोन दुसऱ्या हातात गेला. मग भारती म्हणाली, "आई?" आणि स्वतःच हसली. "पावणं म्हनायचं हुतं."

"बोल गो बाय," मी म्हणालो.

"त्यादिशी भाऊ आलता. बसला. कायबी बोलला न्हाय. मी भाकरी टाकली, दोन खाल्ल्या, आणि एक मागितली. जाताना म्हटला, ऱ्हाऊ दे तुझं नाव." ती थांबली. "लगीन झाल्यापासनं पैल्यांदाच बगा. कायबी न घेता आला, आन् कायबी न मागता गेला."

"मागितली की," मी म्हणालो. "भाकरी मागितली."

"व्हय," ती म्हणाली. "भाकरी मागितली."